गाद्याच्या दर्शनास निघालेली होडी

अंबा नदी सह्याद्रीच्या पायथ्याशीं उगम पावून नागोठण्यावरून वळणें घेत पेण तालुक्यांत येते, आणि वडखळच्या आसपास तिची नदी न राहतां खाडी होते. याच पाण्याच्या कांठीं डोलवी हें गांव आहे. डोलवीचें नांव घेतलें म्हणजे आज पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढें येतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो येथें उभा राहिला, २०१० सालीं त्याचे मालक बदलले. त्याच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा आणि लोहखनिज अजूनही भरतीचें पाणी साधून सपाट तळाच्या बार्जांतून खाडीनेंच आणलें जातें. माल पाण्यानें येतो. माणूस मात्र आतां या पाण्यानें येत नाहीं.

एके काळीं स्थिति अगदीं निराळी होती. मुंबईहून कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यांत, उतरावयाचें तर पाण्यावांचून गति नव्हती. डोलवीजवळचें धरमतर हें त्या प्रवासाचें नाक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई-धरमतर अशी आगबोट नियमानें चालूं लागली, आणि धरमतरच्या धक्क्यावर उतरलेला उतारू बैलगाडीनें वा टांग्यानें पेण, नागोठणें, महाड अशा वाटेला लागे. त्याच्याही आधीं शिडाचे मचवे आणि पडाव भरतीच्या जोरावर थेट नागोठण्यापर्यंत चढत आणि ओहोटीबरोबर भात-मीठ घेऊन खालीं येत. उधाण कोणत्या तिथीस आणि भांग कोणत्या तिथीस, हें या खोऱ्यांतील शेतकऱ्यासही तोंडपाठ असे. कारण लग्नाचें वऱ्हाड निघावयाचें तरी तें पाण्याच्या वेळेवरच निघे.

या उतारूनें समुद्र कधीं पाहिला काय? तो समुद्रावरून गेला खरा; परंतु बोचकें मांडीखालीं दाबून, मळमळ होऊं नये म्हणून लिंबू हुंगीत, केव्हां एकदां जमिनीस पाय लागतो याची वाट पाहत गेला. मुंबई बंदराच्या तोंडाशीं पाण्यांतून एखादी करडी पाठ वर आली, फस्‌ करून श्वास सोडला आणि पुन्हां बुडाली, तर नाखव्यास तिची ओळख असे. उतारूस तिचें काय? समुद्र हा त्याच्या वाटेंतला अडथळा होता, आणि अडथळ्याकडे कोणी कौतुकानें पाहत नाहीं.

शिवाय त्या पाण्याचें भय खोटें नव्हतें. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नसतां, ‘रामदास’ ही बोट सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेंत पावसाळी वादळांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, म्हणून ही वार्ता मुंबईस कळावयास कित्येक तास लागले. जे वांचले त्यांतल्या पुष्कळांना वर काढलें तें रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनीं, आपल्या लहान होड्यांतून. अलिबाग-पेणच्या अनेक घरांतून ही आठवण पुढील दोन पिढ्या पुसली गेली नाहीं. कालांतरानें खाडीवर पूल झाला, मोटारींचा रस्ता झाला, आणि धरमतरचा धक्का उतारूंच्या दृष्टीनें ओस पडला. दक्षिणेकडे हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें या बंदरांवर थांबत गोव्यास जाणारी कोंकणची बोटही गेल्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यावर तिची उणीव भासण्याचें कारणही उरलें नाहीं.

आणि मग, ज्या पिढीला होडींत बसण्याची गरज राहिली नाहीं त्या पिढीला होडींत बसण्याची हौस उत्पन्न झाली. आठ-दहा जणांनीं मिळून एक होडी ठरवावी, सकाळच्या शांत पाण्यांत बाहेर पडावें, गाद्यांचा कळप पाहावा, मग एखाद्या खडकाळ बेटाच्या आडोशाला होडी थांबवून डोळ्यांवर कांच व तोंडांत वांकडी नळी धरून पाण्यावर पालथें तरंगावें आणि खालचें प्रवाळ व मासे न्याहाळावे, असा हा नवा जलप्रवास आहे. हा प्रवासी कोठेंच जात नाहीं. ज्या धक्क्यावरून निघतो त्याच धक्क्यावर परत येतो. धरमतरच्या जुन्या उतारूस ही गोष्ट कोणी सांगितली असती तर सांगणाऱ्याच्या बुद्धीविषयीं त्याला शंका आली असती.

ज्याच्या दर्शनासाठीं ही सारी खटपट त्या प्राण्याचा इतिहास मात्र फार जुना आहे. मालवणाकडे त्याला गादा म्हणतात. शहरी माणूस डॉल्फिन म्हणतो. संस्कृतांत त्याला शिंशुमार किंवा शिशुमार हें नांव आहे, आणि त्या नांवाची पुढें मोठी गंमत झाली. उत्तर हिंदुस्थानांत याच शब्दापासून ‘सूंस’ झाला, व तो गंगेतल्या डॉल्फिनचें नांव होऊन राहिला. महाराष्ट्रांत त्याचीच ‘सुसर’ झाली आणि ती मगरीच्या जातीस जाऊन चिकटली. एकाच शब्दानें एका प्रांतांत निरुपद्रवी जलचर ओळखावा आणि दुसऱ्या प्रांतांत माणसें ओढून नेणारा, हा भाषेचा अन्याय म्हणावा लागेल. पुराणकारांनीं तर या प्राण्यास आकाशांत नेऊन ठेविलें. भागवताच्या पांचव्या स्कंधांत सारें ज्योतिश्चक्र शिशुमाराच्या रूपानें कल्पिलें असून त्याच्या शेपटाच्या टोंकाशीं ध्रुवास स्थान दिलें आहे.

अशोकानें आपल्या राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीं जे प्राणी अवध्य म्हणून जाहीर केले, त्यांची यादी त्याच्या पांचव्या स्तंभलेखांत आहे. तींत ‘गंगापुपुटक’ असें एक नांव येतें, आणि तें गंगेतील डॉल्फिनचेंच असावें असें बहुतेक विद्वान्‌ मानतात. पुढें अठराशें वर्षांनीं बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानच्या नद्यांतील ‘पाणडुकरा’ची नोंद केली, तीही याच प्राण्याची. २००९ सालीं भारत सरकारनें गंगेतील डॉल्फिनास राष्ट्रीय जलचर ठरविलें. एवढा मान समुद्रांतल्या त्याच्या भाऊबंदास मिळालेला नाहीं. तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आज तोही बसलेला आहे.

कोंकणच्या कोळ्या-गाबितांचें गाद्याशीं नातें या दोन्ही टोंकांच्या मधलें. त्याला मारून खाण्याची येथें विशेष चाल नाहीं, आणि त्याची पूजाही नाहीं. तो जाळ्याशीं येतो, अडकलेली मासळी ओढतो, प्रसंगीं जाळें फाडतो. म्हणून शिव्या खातो. परंतु तोच जेथें घिरट्या घालतो तेथें मासळी आहे हेंही कळतें, म्हणून त्याच्यावर नजरही असते. शेजाऱ्याशीं असतें तसें हें नातें आहे. भांडण रोजचें, पण शेजारी उठून गेला तर चुकल्यासारखें व्हावें.

प्राणी पाहण्यासाठीं म्हणून बोटीच्या कठड्याशीं गर्दी करण्याचा प्रकार जगांत कोठें प्रथम सुरू झाला, या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागल्यास न्यूझीलंडची एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या देशांतील वेलिंग्टनहून नेल्सनकडे जाणाऱ्या आगबोटींना फ्रेंच पास नांवाच्या अरुंद आणि वेगवान्‌ प्रवाहाच्या सामुद्रधुनीजवळून जावें लागे. तेथें १८८८ च्या सुमारास एक पांढुरका, चारेक मीटर लांबीचा डॉल्फिन बोटींच्या सोबतीस येऊं लागला. बोट आली कीं हा तिच्या नाळेशीं येई, अंग घाशी, कांहीं मैल तिच्या पुढें पोहे आणि सामुद्रधुनीच्या अलीकडेच निरोप घेई. लोकांनीं त्याचें नांव ‘पेलोरस जॅक’ ठेविलें. त्याला पाहण्यासाठीं उतारू रात्रीं झोपेंतून उठून वर येत. चोवीस वर्षें हा क्रम चालला. १९०४ सालीं ‘पेंग्विन’ नांवाच्या बोटीवरून कोणी त्याच्यावर गोळी झाडली असें सांगतात. त्याच वर्षीं सरकारनें हुकूम काढून त्या जातीच्या डॉल्फिनास त्या पाण्यांत संरक्षण दिलें आणि तें मोडणाऱ्यास शंभर पौंडांपर्यंत दंड ठरविला. यापुढें त्यानें ‘पेंग्विन’ला कधीं सोबत केली नाहीं, आणि ती बोट १९०९ सालीं खडकावर फुटली, अशी खलाशांची कथा आहे. बोट फुटली व पाऊणशें माणसें दगावलीं हा इतिहास. जॅकचा रुसवा ही खलाशांची भर. १९१२ नंतर तो कोणास दिसला नाहीं.

या गोष्टींतला मुख्य मुद्दा असा कीं, जॅक आपण होऊन बोटीकडे येत असे. बोट त्याच्या मागें लागत नव्हती. तिला नेल्सन गांठावयाचें होतें. पाहण्याचाच धंदा झाल्यावर हा संबंध उलटा झाला. अमेरिकेंत सॅन डिएगो येथें १९५५ च्या सुमारास एक डॉलर घेऊन लोकांना देवमासे दाखविण्यास होडी निघूं लागली, आणि तेथून हा व्यवसाय जगभर पसरला. आपल्या बाजूस तो प्रथम भरभराटीस आला गोव्यांत. कांदोळी-शिंकेऱ्याच्या किनाऱ्यावरून, दक्षिणेस पाळोळ्याहून आणि मुरगांवजवळच्या ग्रँड बेटाकडे जाणाऱ्या होड्यांतून तो वाढला. आणि ‘गादा न दिसल्यास पैसे परत’ अशी हमी देण्यापर्यंत स्पर्धा पोंचली. ही हमी दिसावयास उतारूच्या सोयीची आहे. पण तिचा अर्थ असा होतो कीं, नाखव्याची रोजची कमाई जनावराच्या मर्जीवर टांगली गेली, आणि मग जनावराची मर्जी विचारण्यास त्याला सवड उरली नाहीं.

गोव्याच्या उत्तरेस मालवण, तारकर्ली, देवबाग हा किनारा या नव्या प्रवासाचें महाराष्ट्रांतील मुख्य पीठ झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. परंतु मालवणचें पाणी त्याच्या कितीतरी आधींपासून प्रसिद्ध आहे. शिवाजीमहाराजांनीं १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटें बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशीं पूजन झालें तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही दाखवितात. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. ही जागा निवडण्यांत समुद्राखालचें ज्ञान होतें. बेटाच्या भोंवतीं पाण्यांत बुडालेले खडक असे पसरले आहेत कीं, अनोळखी गलबतानें तेथें शिरावें आणि तळ फोडून घ्यावा. वाट ठाऊक ती स्थानिक नाखव्यांनाच. शत्रूचीं गलबतें अडविणाऱ्या त्याच खडकांवर प्रवाळ वाढलेलें आहे, आणि नळी तोंडांत धरून आज पाहुणा जें पाहतो तें तेंच. किल्ल्याच्या तटाचें कौतुक पुष्कळांनीं केलें; त्याच्या या दुसऱ्या, पाण्याखालच्या तटाकडे इतिहासकारांचें लक्ष मात्र फारसें गेलेलें नाहीं.

नळीनें श्वास घेण्याची युक्ति नवी नव्हे. ॲरिस्टॉटलनें प्राण्यांच्या अवयवांविषयीं लिहितांना हत्तीच्या सोंडेस पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे; म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक पाणबुड्यांपाशीं असें कांहीं साधन होतेंच. नवी आहे ती हौस. मालवणांत या शतकाच्या पहिल्या दशकांत सागरी शास्त्रज्ञांनीं आणि पर्यटन खात्यानें स्थानिक तरुणांस हें शिकविण्यास आरंभ केला, आणि ज्यांचे वडील रापण ओढीत त्यांचीं मुलें पाहुण्यांचा हात धरून त्यांना प्रवाळ दाखवूं लागलीं.

डोलवीच्या पाण्यांत हें कां होत नाहीं, असा प्रश्न सहज येईल. मुंबई बंदर आणि धरमतरची खाडी येथें उधाणाला पाण्याची चढउतार चार मीटरांहूनही अधिक होते. एवढें पाणी दिवसांतून दोनदां आंत-बाहेर करतांना तळाचा चिखल कधीं बसूंच देत नाहीं. म्हणून हें पाणी बारमाही मातकट. दक्षिणेकडे जावें तसतशी ही चढउतार कमी होते, खाड्या लहान होतात, आणि मालवणाजवळ हिंवाळ्यांत पाणी निवळून तळ दिसूं लागतो. तेथेंही पावसाळा उलटून कांहीं आठवडे गेल्यावांचून कांहीं दिसत नाहीं.

आतां येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पाहुण्यास निर्मळ पाणी हवें. गाद्यास त्याची पर्वा नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यालगत जो गादा नेहमीं दिसतो त्याच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो व त्यावर लहान पर असतो. २०१४ सालापासून शास्त्रज्ञ त्याला हिंदी महासागरांतील स्वतंत्र जात मानतात. अडीच मीटरांच्या आसपास लांबीचा हा प्राणी खोल समुद्रांत जात नाहीं. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, वीस-पंचवीस मीटरांपर्यंतच्या उथळ पाण्यांत, विशेषेंकरून नद्यांच्या मुखाशीं त्याचें बिऱ्हाड असतें; देवबागेस कर्ली नदी जेथें समुद्रास मिळते तेथें तो वारंवार दिसतो तो याचमुळें. गढूळ पाण्यांत डोळे काय कामाचे? गादा कानानें पाहतो. तो बारीक टिचक्यांसारखे आवाज काढतो, ते मासळीवर आपटून परत येतात, आणि त्यांवरून भक्ष्य किती दूर व कोणीकडे हें त्याला कळतें. पाण्यांत आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें धांवतो. अशा प्राण्याच्या भोंवतीं पांच-सात होड्यांचीं यंत्रें एकदम घुमूं लागलीं, तर त्याची अवस्था दाट धुक्यांत सांपडलेल्या माणसासारखी होते. तो अधिक वेळ बुडून राहतो, वाट बदलतो, भक्ष्य सोडतो, आणि कळपांत पिल्लूं असेल तर त्याची दूध पिण्याची वेळ मोडते. मादीस तीनेक वर्षांतून एकदां पिल्लूं होतें. म्हणून एका पिल्लाची हानि ही लहान हानि नव्हे. जगांतील निसर्गसंरक्षण संघाच्या सूचींत ही जात आज संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे.

खोल समुद्रांतला मासा त्रास झाला तर दूर निघून जाईल. गाद्यास दूर जावयास जागा नाहीं. किनाऱ्याची ती अरुंद पट्टी हेंच त्याचें सारें राज्य, आणि त्याच पट्टींत माणसाचीं जाळीं, बंदरें, कारखान्यांच्या बार्जा आणि सहलींच्या होड्या आहेत. म्हणून लहान संख्येची सहल ही निव्वळ ऐटीची बाब मानूं नये. एका होडींत आठ माणसें असलीं तर नाखवा यंत्र बंद करून थांबूं शकतो. त्या आठांना तो सांगूं शकतो कीं आरडाओरड करूं नका, पन्नास मीटरांवर थांबूं, वाट समोरून अडवूं नये, यावयाचें तर गादाच येईल. पन्नास माणसांच्या बोटीस हें सांगून पाहावें! प्रवाळाचेंही तसेंच आहे. एक नांगर खडकावर टाकला कीं कित्येक वर्षांची वाढ एका ओढीनें मोडते. पाय टेकला तरी मोडते. आणि पाणी फार तापल्यास प्रवाळ आपण होऊन पांढरें पडतें, तें मालवणांतही आढळलें आहे. खुणेचे तरंगते पिंप कायमचे बांधून ठेवावे आणि होड्यांनीं त्यांनाच दोर लावावा, हा उपाय साधा आहे. त्याला खर्च फार नाहीं, परंतु शिस्त लागते.

मालवणच्या समुद्रास सरकारनें १९८७ सालीं अभयारण्य ठरविलें. सुमारें २९ चौरस किलोमीटरांचें हें क्षेत्र महाराष्ट्रांतील पहिलें सागरी अभयारण्य होय. मच्छीमारांनीं त्यास कडकडून विरोध केला, आणि तो निराधार म्हणतां येणार नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या जेथें जाळें टाकलें तेथें उद्यां बंदी झाली तर खावें काय, हा त्यांचा प्रश्न होता व कागदावरच्या नकाशांत त्याचें उत्तर नव्हतें. उत्तर अर्धेंमुर्धें मिळालें तें पुढें, पाहुण्यांच्या होड्यांतून. मासळी घटत चालली, मोठीं यांत्रिक जाळीं किनाऱ्यापर्यंत आलीं, तेव्हां अनेक घरांनीं होडीचा उपयोग बदलला. ज्या गाद्यास शिव्या दिल्या तोच चूल पेटवूं लागला. जाळ्याला झोंबणारा चोर म्हणून ज्याची गणना होती त्याच्या जिवाची काळजी आज नाखव्यास आहे. कायद्याहून ही काळजी अधिक भरंवशाची, कारण ती पोटांतून आलेली आहे. मात्र हंगामाच्या गर्दींत, दहा होड्या एकाच कळपामागें धांवत असतां, ती विसरली जाते हेंही खरें.

त्या गर्दीची किंमत केवळ गादाच देतो असें नाहीं. २४ मे १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, २४ मे २०२२ रोजीं, तारकर्लीस पाण्याखालचें दृश्य पाहून परतणारी वीस पाहुण्यांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघे दगावले. हंगामाचे ते अखेरचे दिवस होते, वारा फिरूं लागला होता. ‘रामदास’च्या उतारूस निघणें भाग होतें, येथें तसें कांहीं नव्हतें. सहल उद्यांवर टाकतां आली असती, आणि उद्यां म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर. अंगांत तरंगतें जाकीट, होडीच्या मानानें माणसें, आणि वारा पाहून ‘आज नाहीं’ म्हणण्याचा नाखव्याचा अधिकार, या तीन गोष्टी जुन्या कोळ्यांस नव्यानें शिकवाव्या लागत नाहींत. तिसरी मात्र पैसे भरून आलेल्या पाहुण्यास शिकवावी लागते.

मेअखेर हा व्यवहार थांबतो. होड्या पुळणीवर ओढून घेतात, त्यांवर झांपांचें छप्पर चढतें, आणि ऑगस्ट संपेपर्यंत पाहुण्यांसाठीं समुद्र बंद राहतो. नद्यांना पूर येतो, कर्लीच्या मुखाशीं पाणी तांबडें होतें, आणि डोलवीच्या खाडींत असतो तसाच चिखल मालवणच्या समुद्रांत पसरतो. गादा त्या पाण्यांतच असतो. पाहणारें कोणी नसतें.